खबरेची नस

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, पण आपली ओळख जुनी आहे. दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत सणकन झिणझिण्या जातात, आणि हसावे की रडावे ते घटकाभर कळत नाही. लागले ते हाडाला, असे तुम्हाला वाटते. ते हाड नसते, ती मी असते. मी वच्छलाबाईंच्या उजव्या हातातली नस आहे. वय चोपन्न वर्षे. कोपराच्या मागे हाडाला एक खोबण आहे, तिथे कातडीच्या अगदी खाली माझा मुक्काम. माझ्या बहिणी मांसात खोल दडून बसल्या आहेत. मी तेवढी उघड्यावर पडल्यासारखी, म्हणून जन्मापासून भित्री.

मला एक दोरी समजू नका. मी हजारो तंतूंची जुडी आहे. प्रत्येक तंतू एका चेतापेशीचा. पेशीचे अंग डोळ्याला दिसणार नाही इतके लहान, पण तिला फुटलेला तंतू मानेपासून करंगळीच्या टोकापर्यंत, हातभर लांब. माझे काही तंतू हुकूम खाली नेतात. त्यांच्या पेशी पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत राहतात, आणि झाडाला फांद्या असाव्यात तशा शाखांनी वरून आलेले बोलणे ऐकतात. बाकीचे तंतू बोटांकडून खबर वर नेतात. त्यांच्या पेशी कण्याच्या बाजूला गाठी करून राहतात. एक पेशी दुसरीला चिकटत नाही. दोघींमध्ये केसाहून बारीक फट असते. बोलणारी पेशी त्या फटीत रसायनाचा थेंब सोडते, ऐकणारी तो ओळखते, आणि अशी खबर हातोहात मेंदूपर्यंत जाते.

खबर म्हणजे विजेची बारीक लहर. माझ्या बहुतेक मोठ्या तंतूंवर चरबीचे आवरण आहे, वायरवर प्लास्टिक असते तसे. ते मधूनमधून तुटक आहे, आणि लहर एका उघड्या जागेवरून दुसरीवर उड्या मारत पळते. एका सेकंदात पन्नास मीटर. काही तंतू मात्र उघडे आणि बारीक, ते पायी चालल्यासारखे हळू जातात. म्हणून तव्याचा चटका बसला की हात आधी मागे येतो आणि आग मग कळते. हे आवरण विणणाऱ्या पेशी माझ्या अंगावर जन्मभर बसून असतात. त्यांच्यावाचून माझे चालत नाही. पुढचे सारे संकट त्यांच्याच घरातून आले.

वच्छलाबाई सौंसरकडच्या एका रोपवाटिकेत संत्र्याचे डोळे बांधतात. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, म्हणजे डोळा, अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा, आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पट्टी सैल राहिली तर डोळा सुकतो, जास्त ताणली तर गुदमरतो. किती ताणायची ते नजरेला दिसत नाही. ते अनामिका आणि करंगळी सांगतात, आणि त्या दोघींची खबर माझ्याकडून जाते. अनामिकेची एक बाजू माझी, करंगळी पूर्ण माझी. तीस वर्षे मी एकही खबर चुकवली नाही. मालक यशवंतराव कडक माणूस, पण येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगत की वच्छलाबाईचा डोळा वाया जात नाही. कौतुक हाताचे होत असे. मला कोण ओळखते? तरी मला बरे वाटे.

तो केव्हा आला ते मला कळले नाही. मित्रांनो, हेच सर्वांत भयंकर. चोर आला की कुत्रे तरी भुंकते. हा जंतू इतका सावकाश वाढतो की त्याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ पंधरवडा लागतो. त्याला अंगातल्या थंड जागा आवडतात, आणि कातडीखालची माझी खोबण थंडच. आवरण विणणाऱ्या पेशींत तो घुसला आणि बसून राहिला. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे. मी आपली खबरा नेत होते, आणि माझ्याच पांघरुणात तो वाढत होता.

मग एका दिवाळीनंतर कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट चट्टा उठला. खाजत नव्हता, दुखत नव्हता. वच्छलाबाईंनी गजकर्णाचे मलम लावले आणि विसरल्या. त्या चट्ट्यावर माशी बसली तरी आता कळत नव्हते. पण जे कळत नाही त्याची तक्रार कोण करणार?

पुढे एका सकाळी पट्टी लाल दिसली. चाकू अनामिकेला लागला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी बोट तोंडात धरले, इकडेतिकडे पाहिले, आणि पदराने पट्टी पुसली. त्या दिवशी त्या घाबरल्या. मला त्यांच्या छातीचा ठोका माझ्या शेजारच्या रक्तवाहिनीत ऐकू आला. त्यांच्या लहानपणी त्यांच्या चुलतीच्या अंगावर असाच चट्टा उठला होता. चुलतीचे ताट वेगळे झाले, मग खाट वेगळी झाली, मग विहिरीजवळ एक झोपडी झाली, आणि लहान वच्छला दुरूनच भाकर ठेवून पळत असे. हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. मलम तेवढे वाढवले.

एका शनिवारी त्या मुलगा भूपेंद्रच्या बायकोला, सून अश्विनीला घेऊन जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेल्या. अश्विनीला सातवा महिना होता. रांग पुढे सरकली, दोघींनी हात जोडले. अश्विनीने सहज बाजूला पाहिले, तर सासूच्या जोडलेल्या हातातली उजवी करंगळी बाकीच्या बोटांपासून दूर उभी होती. ती जुळत नव्हती. वच्छलाबाई डाव्या हाताच्या बोटांनी ती आत दाबत होत्या. मी हुकूम नेत होते हो, पण अर्धे तंतू वाटेतच सुजून बंद पडले होते.

घरी आल्यावर अश्विनीने विचारले, तेव्हा सासूने नस चढली असेल म्हणून उडवून लावले. दुसऱ्या दिवशी यशवंतरावही तेच म्हणाले. आता ऐका, मित्रांनो, एका शब्दाने माझा कसा घात केला. आमच्या भागात रक्त वाहते तीही नस आणि खबर नेते तीही नस. दोघींना एकच नाव. नस चढली म्हटले की सगळ्यांना वाटते रक्त अडले, चोळा, शेका, मोकळे होईल.

शेजारच्या गावात बापूजी नावाचे म्हातारे नस उतरवायचे. माणूस वाईट नव्हता. कित्येकांच्या धरलेल्या माना त्यांनी मोकळ्या केल्या होत्या, आणि कुणाकडून चहापलीकडे काही घेत नसत. वच्छलाबाई त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्यांनी कोपर चाचपले. मी तेव्हा सुजून सुतळीएवढी जाड झाले होते.

"ही पाहा, चढून बसली तुही नस," बापूजी म्हणाले. "रक्त अडून राहिलं इथं. उतरवून देतो."

आणि त्यांनी अंगठ्याने मला हाडावर रगडले. ती खोबण आधीच सुजेला अपुरी पडत होती. वरून पहारीने दाबावे तसा तो अंगठा. माझे कितीतरी तंतू त्या एका सकाळी मुके झाले. वच्छलाबाई निघाल्या तेव्हा त्यांनी सांगितले की सात दिवस विटेचा शेक द्या.

संध्याकाळी चुलीत वीट तापवली. फडक्यात गुंडाळून वच्छलाबाईंनी तिच्यावर तळहाताची करंगळीकडची कड ठेवली आणि अश्विनीशी गवारीच्या भाजीबद्दल बोलू लागल्या. खाली तळहाताच्या कडेशी माझे उरलेसुरले तंतू जिवाच्या आकांताने ओरडत होते. चटका, चटका, हात उचला. लहर निघायची, मनगट ओलांडायची, कोपरापर्यंत यायची आणि त्या सुजेत विझून जायची. वर मेंदू शांत बसला होता. त्याला गवारीची भाजी ऐकू येत होती. खबर नेण्यासाठीच मी जन्मले आणि घर पेटलेले असताना मला तोंड नव्हते.

खबर दिली ती अश्विनीच्या नाकाने. काहीतरी करपल्याचा वास आला म्हणून तिने आधी चुलीवर पाहिले, मग सासूच्या हाताकडे. तिने वीट पायाने लोटून दिली. तळहाताच्या कडेला मोठा फोड आला होता. वच्छलाबाई त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तशा पाहत राहिल्या.

"आई, दुखून नाही राहिलं तुम्हाले?" अश्विनीने हळूच विचारले.

वच्छलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग इतके दिवस दाबलेले बोलणे एकदम बाहेर पडले.

"रक्तपिती हाय मले, अश्विने. माह्या चुलतीले होती. तू दूर बस. भूपेंद्रले सांगू नोको. तुहं बाळ झालं का मी दुरून पाहीन, हातात नाही घेणार. पण झोपडीत नोका पाठवू मले."

अश्विनी दूर बसली नाही. तिने थंड पाण्याची बादली आणली, सासूचा हात त्यात धरला, आणि म्हणाली, "झोपडी बांधाले तुमच्या पोराले टाइम कुठं हाय? बाथरूमचा दरवाजा दोन वर्षांपासून लावून राहिला तो." वच्छलाबाईंना हसू आले आणि त्याच्यासोबत रडूही. सकाळी दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने वच्छलाबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनच्या टोकाने हाताला ठिकठिकाणी स्पर्श केला. जिथे कळेल तिथे बोट ठेवायचे. अंगठ्याला कळले. तर्जनीला कळले. अनामिकेपाशी वच्छलाबाई थांबल्या. "टेकवा ना, बाई," त्या म्हणाल्या. पेन केव्हाच टेकले होते.

मग डॉक्टरने मला चाचपले. ती बापूजींसारखी रगडत नव्हती, पिकल्या फळाला हात लावावा तशी तिची बोटे होती. तिने रोगाचे नाव कुष्ठरोग असे सरळ सांगितले, आणि कागदावर हात काढून दोन रेघा ओढल्या. "मावशी, ही रक्ताची नस. ही काही अडलेली नाही. ही दुसरी खबरेची नस, तुमची ही बिघडली. हिला चोळायचं नाही, शेकायचं नाही. वर्षभर गोळ्या घ्यायच्या, दवाखान्यातून फुकट मिळतात. सुजेच्या गोळ्या वेगळ्या. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागत नाही. ताट वेगळं नाही, खाट वेगळी नाही, नातू झाला तर खुशाल मांडीवर घ्या."

"अन् हात?" वच्छलाबाईंनी विचारले.

डॉक्टरने ती करंगळी हळूच सरळ करून पाहिली. "जे तंतू नुसते दबले आहेत ते उठतील. जे मेले, त्यांचं मी सांगू शकत नाही. लवकर आल्या असत्या तर बरं होतं."

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. जंतू गोळ्यांनी मरत होता, सूज उतरत होती, पण माझ्यातले कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे मलाच कळत नव्हते. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला राईच्या दाण्याएवढाही नाही. कोपरापासून बोटापर्यंत केवढी वाट. मध्येच तो रस्ता चुकला तर? वच्छलाबाई रोज हात पाण्यात भिजवत, तेल लावत, वाकलेली करंगळी सरळ करण्याचा व्यायाम करत, आणि उजेडात हाताची चारी अंगे नजरेने तपासत. रोपवाटिकेत त्यांना आता चाकूचे काम नव्हते. हाताला फडके गुंडाळून त्या रोपे निवडत. त्या सारख्या हाताकडेच पाहतात म्हणून यशवंतराव म्हणाले, "हात कुठं पळून जाते काय तुमचा?" वच्छलाबाई म्हणाल्या की गेला होता, शोधून राहिली. अश्विनीला मुलगी झाली, तेव्हा मालकाला पेढेही त्यांनी त्याच हाताने दिले. यशवंतरावांनी क्षणभर पेढ्याकडे पाहिले. त्यांना सारे कळले होते. मग त्यांनी पेढा उचलून तोंडात टाकला.

गोळ्यांच्या आठव्या महिन्यात एका दुपारी फडके सुटले आणि जंबेरीचा काटा अनामिकेत शिरला. मला काही समजण्याआधीच एक लहर निघाली. ती अडखळत आली, मनगटाशी थांबल्यासारखी झाली, कोपराशी मी जीव मुठीत धरला, आणि ती पार झाली. मान, मेरुरज्जू, मेंदू. वच्छलाबाईंनी हात झटकन मागे घेतला आणि तिथेच मातीत बसल्या.

"लागलं काय वं?" बाजूच्या बाईने विचारले.

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "दुखून राहिलं. लय दुखून राहिलं."

त्या हसत का होत्या हे त्या बाईला कळले नाही.

मित्रांनो, माझी कहाणी इथवर आली आहे. अनामिका बोलू लागली, करंगळी अजून मुकी आणि वाकडी आहे, आणि तिचे काय होईल हे मला ठाऊक नाही. चाकू अजून वच्छलाबाईंच्या हाती आलेला नाही. मी अजून भिते. पण तुम्हाला एक सांगते. दुखते तेव्हा आमच्यावर चिडू नका, ती आमची हाक आहे. अंगावर चट्टा असेल आणि तिथे मुंगी चावलेली कळत नसेल, हातात वस्तू धरताना बोटे साथ देत नसतील, तर लाजू नका, लपवू नका, मला रगडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. आम्ही ओरडत असतो तोवर फार भिऊ नका. आम्ही गप्प झालो, की मात्र धावा.