भार, बारदान आणि बेअरिंग

मी एक जुना धातू आहे, मित्रांनो. लोखंड-पितळेतला नव्हे, क्रियापदाचा. माझा अर्थ ‘वाहून नेणे’. माझ्या लोकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मला कोणी लिहून ठेवलं नाही. पुढे अभ्यासकांनी माझ्या लेकरांची तोंडं पाहून माझं रूप जुळवलं : ‘भेर’. संस्कृतात माझा ‘भार’ झाला, तो मराठीत आला. इराणात ‘बार’ झाला, तो फारसीबरोबर ‘बारदान’ होऊन, म्हणजे पोती होऊन, बाजारात उतरला. इंग्रजीतून यंत्राच्या फिरत्या दांड्याचा भार पेलणारं ‘बेअरिंग’ आलं.

नगरच्या कांदा बाजारात भार आणि बारदान ही भावंडं रोज भेटत. आसाराम आणि महमूद ही हमालांची जोडी. “आज भार लई हाय,” आसाराम म्हणे. “बारदानच ओलं हाय, बाबा,” महमूद म्हणे आणि पोतं त्याच्या पाठीवर देई. आसारामची कंबर धरली तेव्हा त्याच्या वाट्याची पोतीही महमूदनेच वाहिली, आसारामचा मुलगा कल्याण आयटीआय होईपर्यंत. कल्याण सुप्याच्या कारखान्यात बेअरिंग बसवू लागला, त्या दिवशी दोघांनी अख्ख्या फडाला चहा पाजला. मला धन्य वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात आसाराम वारला. तिरडी उचलताना महमूद पुढे झाला. गल्लीतल्या दोघा-तिघांनी त्याला अडवलं. “आपली मानसं हायेत की खांद्याला.”

आसारामची बायको बायडाबाई उंबऱ्यातून ओरडली, “आरं, येऊ द्या त्येंला! सारा जलम ह्येंच्यासंगं ओझं वाहिलं त्येंनी!”

सगळ्यांनी कल्याणकडे पाहिलं. हातात मडकं धरलेला कल्याण खाली बघत म्हणाला, “चाचा, तुमी मागनं या.”

महमूद मागून गेला. भरलं पोतं घेऊन ताठ चालणारा तो माणूस त्या दिवशी रिकाम्या खांद्यांनी वाकून चालत होता.

दहावं झाल्यावर कल्याण त्याच्या घरी आला. “चाचा, मानसं बगत हुती. ‘फुडं या’ म्हनाया माजी जीभच उचलली न्हाई. चुकलं माजं.”

महमूदने त्याच्या हातात कप दिला. “चहा घे, बेटा. पन खांदा येकदाच देता येतो.”

कल्याणला तो चहा संपवता आला नाही.

मित्रांनो, माझे कितीतरी शब्द मेले. त्याचं मी दुःख करत नाही, भाषेत तसं होतच असतं. पण आपल्या माणसासाठी कोणी खांदा पुढे केला, तर त्याचं नाव विचारत बसू नका. बाजूला सरा, त्याला जागा द्या.