एकशे बारा सेंटिमीटर

“विवेक, पुरे झालं आता मोजणं. तो माणूस बघतोय.”

“बघू दे की. गाडी घ्यायची आणि न मोजता घ्यायची?” असं म्हणत माझ्या नवऱ्याने टेप आणखी ओढली आणि नव्या कॅम्परमधल्या पलंगाला लावली. हा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिथे म्हणे केसाच्या हजाराव्या भागापर्यंत मापं घेतात. ती खोड घरी आली आहे. आमच्याकडे कणीकसुद्धा अंदाजाने भिजवायची सोय राहिलेली नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. दुपारी आमटीभात खाऊन आम्ही ॲडम्सटाउनच्या घरून निघालो आणि ड्रोहेडाच्या बाहेर, शेतांना लागून असलेल्या या गाड्यांच्या आवारात पोचलो. मालक डोनल, साठीचा, गोलमटोल, घाई नावाचा प्रकार ठाऊक नसलेला माणूस. त्याने आमच्यासाठी दोन छोट्या कॅम्पर, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाड्या, शेजारी शेजारी उभ्या करून ठेवल्या होत्या. एक यंदाचं, सगळं आतून बदललेलं नवं मॉडेल. दुसरी त्याच कंपनीची, बारा वर्षं वापरलेली.

“कुठली चांगली?” मी त्याला सरळच विचारलं.

“नवी ग्रँड आहे,” तो म्हणाला. थोडा विचार करून पुढे म्हणाला, “जुनीपण ग्रँड आहे.”

घ्या! या देशात तेवीस वर्षं काढली, पण हे ‘ग्रँड’ म्हणजे उत्तम की बरं की चालेल, ते मला अजून उमगलेलं नाही.

विवेकचा निर्णय मात्र घरीच झाला होता. तीन आठवडे बसून त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. पार्किंगला सोपी कुठली, हीटर कुणाचा बरा, डिझेल कुणाला कमी लागतं, सगळ्याला दहापैकी गुण. गुरुवारी स्वयंपाकघरात मी तो सहज वर-खाली करून पाहत होते, आणि एका ओळीपाशी थांबले. ‘झोपायची सोय: नवी दहा, जुनी तीन. नवीत दोन स्वतंत्र पलंग, मध्ये जायला वाट.’

वाचलं आणि मी लॅपटॉप फटकन मिटला.

का ते सांगते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तन्वी झाली तेव्हा तिला पाळणाघरात ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलं. म्हणून मी रात्रपाळी घेतली आणि याने दिवसाची बारा तासांची पाळी. अठरा वर्षं आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला. ‘डाळ गरम कर. ताप उतरलाय. दूध संपलं.’ मी घरात शिरायचे तेव्हा हा जोडे घालत असायचा. भांडायला म्हणून वेळ मिळायचा नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

तन्वी गेल्या सप्टेंबरात गॉलवेला कॉलेजला गेली आणि जानेवारीपासून मी दिवसाची ड्यूटी घेतली. अठरा वर्षांनी पहिल्यांदा दोघं एकाच वेळी अंथरुणावर! आणि काय सांगू, जमेचना. जन्मभर रात्री जागलेली मी, तीन वाजेपर्यंत कुशी बदलत राहायचे. हा पाचला उठणारा. मध्येच डोळे उघडून घड्याळ बघायचा. फेब्रुवारीत एका रात्री मी उशी उचलली आणि तन्वीच्या खोलीत गेले. वाटलं, सकाळी विचारेल. सकाळी याने चहा केला, कप पुढे ठेवला आणि कामावर गेला. तीन महिने झाले, चकार शब्द नाही. आणि आता दोन पलंगांना दहापैकी दहा! म्हणजे साहेबांना बरंच वाटलं तर.

हे बोलून दाखवायची सोय नव्हती, मग मी नव्या गाडीला नाकं मुरडायला लागले.

“शेगडी एकच? मग कुकर लावू की चहा ठेवू?”

“कुकर कशाला न्यायचाय?”

“सहलीला गेलं की दुसऱ्याच दिवशी वरणभात कोण मागतं?”

“बरं, पण हे बघ. दिवे, हीटर, सगळं या स्क्रीनवर.”

“आणि ती बंद पडली की अंधारात बसायचं, थंडीत कुडकुडत.”

“स्वप्नाली, तुला ही आवडली नाहीये. जुनी बघूया का?”

जुनीत गेलो. दोन शेगड्या, लाकडी दारांचं कपाट, म्हणजे इथल्या भाषेत ‘प्रेस’, आणि मागची सीट पुढे ओढली की होणारा एकच पलंग. विवेकने लगेच टेप लावली.

“एकशे बारा सेंटिमीटर! घरचा दीडशे आहे. यात तुला झोप लागणं शक्य नाही.”

“मला?” माझा आवाज चढला. “माझं नाव कशाला पुढे करतोस? तुला हवेत ना दोन पलंग, मग घे ना खुशाल!”

“मला हवेत?” तो बघतच राहिला. “उशी घेऊन तू गेलीस!”

“तुझी झोप मोडत होती म्हणून गेले. पाचला उठायचं असतं तुला.”

“मी कधी म्हटलं मोडते म्हणून?”

“तू कधी काय म्हणतोस रे? सारखा घड्याळ बघायचास.”

“सवयीने बघायचो. तीन वाजले, म्हणजे तू लॅबमध्ये असशील. मग लक्षात यायचं, इथेच आहेस.” त्याने टेप गुंडाळायला घेतली. ती नीट गुंडाळली जाईना. “बरं वाटायचं गं. परत झोप लागायची.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याचा रागही आला.

“मग विचारलं का नाहीस, मेल्या? तीन महिने!”

“वाटलं, मी घोरतो म्हणून गेलीस. विचारलं असतं आणि तू ‘हो’ म्हणाली असतीस तर? म्हटलं, निदान गाडीत दोन पलंग असले तर एका छताखाली तरी झोपू.”

“घोरतोसच तू,” मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.

डोनल दाराशी उभा होता. मराठी कळलं नाही तरी नवरा-बायको कळत असावेत. “आडवं होऊन बघा,” तो म्हणाला. “त्याशिवाय कुणी गाडी घेऊ नये. मी चहा टाकतो.” आणि तो ऑफिसकडे गेला.

आम्ही बूट काढून आडवे झालो. दोघांना एकाच कुशीवर वळावं लागलं. त्याचं कोपर माझ्या बरगडीत, माझे केस त्याच्या नाकात.

“हात कुठे ठेवू?” त्याने विचारलं.

“ठेव कुठेही. पाचच मिनिटं, टेस्ट म्हणून.”

दोन मिनिटांत साहेब घोरायला लागले. मी म्हटलं, आता मी काही झोपत नाही. आवारापलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. त्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा ऊन पायांवरून सरकून प्रेसच्या दारावर गेलं होतं. भरदुपारी, परक्याच्या आवारात, तासभर झोपलो होतो आम्ही! उघड्या दारात डोनल दोन मग घेऊन उभा होता. त्याने भुवया उंचावून गाडीकडे बोट केलं. हीच का?

मी नुसते डोळे मिटून ‘हो’ म्हटलं. मान हलवली असती तर विवेक जागा झाला असता.

डोनलने दोन्ही मग हळूच पायरीवर ठेवले आणि खडीवर बूट वाजू नयेत म्हणून गवताच्या कडेकडेने निघून गेला. झोपेत विवेकच्या मानेखाली गेलेल्या माझ्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. मी तो तसाच राहू दिला.