कड्याशिवाय धावलेला शाफ्ट

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवलेला, एका टोकाला पिळवटून फाटलेला लोखंडी नळा दिसतोय ना, तो मी. मोटारीच्या पोटाखालचा शाफ्ट. पुढे गिअरबॉक्स, मागे चाकांचा आस आणि मध्ये मी. इंजिन जो काही जोर लावते तो गरगर फिरत मागच्या चाकांपर्यंत पोचवायचा, एवढेच माझे काम. मी आतून पोकळ आहे. दुःखाने नव्हे हो, माझी घडणच तशी. त्यामुळे हे सगळे सांगताना माझा कंठ दाटून येणार नाही. तुम्ही उगाच रुमाल शोधू नका.

कारखान्यात पत्रा गुंडाळून माझी नळी केली, दोन्ही टोकांना सांधे जोडले, तोल पाहिला आणि एका साध्यासुध्या घरगुती गाडीखाली मला बसवले. बरीच वर्षे मी शाळेत जाणारी मुले, भाजीच्या पिशव्या आणि एक कायम घोरणारे आजोबा वाहून नेले. कोणी नावे ठेवली नाहीत, कोणी पाठही थोपटली नाही. मग ती गाडी विकली गेली आणि या गॅरेजात आली.

हे गॅरेज दोघा भावंडांचे. भाऊ मिस्त्री. बहीण त्याला दादा म्हणते आणि तो तिला भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसेल तर शपथ! भिंगरीला सरळ रस्त्यावरच्या शर्यतींचे वेड. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पलीकडची रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. श्वास रोखून धरावा तेवढ्यात खेळ खलास. दादाने माझ्या गाडीत दांडगे इंजिन बसवले, मागे रस्त्याला चिकटणारे रुंद टायर लावले. मी मात्र तोच राहिलो, घरगुती.

तरी मी टिकलो आणि भिंगरी जिंकत गेली. लोक बॉनेट उघडून इंजिनाचे फोटो काढत. गाडीखाली वाकून कोण बघतो? दादा बघायचा. त्याने माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली होती. नळी पिळली गेली की रेघ तिरकी होते, ही त्याची युक्ती. एका शर्यतीनंतर तो खाली सरकला, माझ्यावर बॅटरीचा झोत धरला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. रेघ तिरकी झाली होती.

त्याने जाड नळीचा नवा शाफ्ट बनवायला टाकला. पण तो यायला अवकाश होता आणि पुढची शर्यत तोंडावर आली होती. म्हणून दादाने पोलादी पट्टीचे एक कडे केले. ते माझ्या पुढच्या टोकाभोवती गाडीच्या सांगाड्याला आवळायचे. मी तुटलोच तर त्या कड्यात लटकून राहीन, रस्त्यावर आपटून गाडीत घुसणार नाही.

भिंगरीने कडे हातात तोलून पाहिले.

"नको रे दादा. समोरच्याची गाडी आधीच हलकी आहे. हे लोढणं कशाला गळ्यात?"

"रेघ बघितलीस ना?"

"बघितली. एवढी एकच होऊ दे. मग तुला हवं ते बसव, मी चकार शब्द काढणार नाही."

दादाने डोके खाजवले, हसला आणि कडे कपाटावर ठेवून दिले. धाकट्या बहिणीपुढे त्याचे कधी काही चालतच नसे.

पुढचे थोडक्यात सांगतो. दिवा हिरवा झाला, तिने क्लच सोडला आणि मी पुढच्या बाजूला तुटलो. फाटलेले टोक रस्त्यावर आपटले, उसळले आणि तळाचा पत्रा फाडून आत गेले. तिथे तिचा डावा पाय होता. पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही.

दादा दवाखान्यातून आला तो कामालाच लागला. नवा शाफ्ट आला, तो बसवला. कडे बसवले. क्लच फुटला तर तुकडे पायांवर उडू नयेत म्हणून त्यावर जाड पोलादी कवच चढवले. मागचा आसही बदलला. गॅरेजातला रेडिओ बंद असे. गिऱ्हाईक काही बोलले की "होईल" म्हणायचा. रडला नाही. रडला असता तर बरे झाले असते, असे शेजारचा टायरवाला म्हणाला. मला त्यातले कळत नाही. मला इथे टेकवले, त्यानंतर कोणी हात लावलेला नाही.

एका दुपारी भिंगरी काठी टेकत आली. तिला गाडीखाली वाकता येईना, म्हणून ती कशीबशी फरशीवर आडवी झाली. कडे दिसले.

"हे सगळं कोणासाठी?"

"गाडीसाठी."

"गाडीला पाय नसतात, दादा."

तो पाना फिरवत राहिला. बोल्ट केव्हाच घट्ट झाला होता.

"नको मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू का स्वतःला खातोयस?"

"तू म्हणालीस आणि मी ऐकलं. तुला नुसती रेघ तिरकी दिसली, भिंगरी. मला तिचा अर्थ ठाऊक होता."

ती काठी धरून उठली, दार उघडले, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि सीटवर बसली.

"क्लच हाताने ओढायचा करता येईल?"

"येईल," तो खालूनच म्हणाला.

"आणि पुन्हा कधी मी काही नको म्हटलं तर?"

"तर किल्ली माझ्या खिशात. मग तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल."

पाना फरशीवर पडला. दादा गाडीखालीच रडत होता, आणि भिंगरी वर बसून ते ऐकत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे कोणीतरी असेल, ज्याच्यापुढे तुमचे काही चालत नाही. हेल्मेट नको, पट्टा नको, एवढी एकच वेळ, असे ते हसत हसत म्हणेल. त्याचे सगळे लाड पुरवा. हा एक पुरवू नका.