दोघांचं वजन पेलणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. आखूड, जांभळीच्या लाकडाचा, जेमतेम दोन माणसांचा. शाहूवाडीच्या एका सुताराने मला मायेने घडवलं, पण पाय मात्र जरा आतल्या बाजूला बसवले. ही माझी जन्माची खोड. दोन टोकांना दोघं बसले आणि एक जण न सांगता उठला, की दुसरा धाडकन खाली!

उचगावात केरबांच्या मिसळीच्या हॉटेलात मी उमेदीची वर्षं काढली. मी किती जणांना पाडलं! केरबा गल्ल्यावरून ओरडायचे, “पावणं, सांगून उठा की! बाक हाय त्यो, पाळणा न्हवं.” सगळे हसायचे, मीही मनातून सुखावायचो. पुढे हॉटेल बंद झालं आणि मी परसात पालापाचोळ्यात पडून राहिलो. सरपणात जायची वेळ आली होती. पण देवाच्या मनात वेगळं होतं. संयोगिताताईंनी मला उचललं, तेलपाणी केलं आणि आपल्या खोलीत ठेवलं.

ताई मनाचं दुखणं बघतात. रोज सकाळी उदबत्ती लावून त्या मला पुसतात, मगच दार उघडतात. माझ्यावर बहुतेक नवरा-बायकोच येऊन बसतात, तेही एकेका टोकाला, मध्ये जमेल तेवढी जागा सोडून.

तसेच आले सोमशेखर आणि शिवलीला. तो लेथ मशीनवर काम करणारा, हाताचा गुणी, पण दारूने घेरलेला. दवाखान्याची औषधं चालू होती, तरी पाय पुन्हा तिकडेच वळायचे.

“ह्यो शेवटचा इलाज,” शिवलीला ताईंना म्हणाली. “न्हाय जमलं तर मी संकेश्वरला माहेरी निघाले. कायमची.”

सोमशेखर बोटांवरचं मशीनचं काळं तेल खरवडत राहिला.

“बोला की! तोंडात काय गुळाची ढेप धरलीया?”

तिचा आवाज चढला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. आणि तो तडक उठून दाराकडे निघाला. मित्रांनो, माझी खोड नडली. शिवलीला जमिनीवर!

तो दचकून मागे वळला. “लागलं का गं?”

ती रडत होती, पण पडल्यामुळे नव्हे. “उठताना ‘येतो’ म्हणायला काय हुतंय तुमास्नी? आमचं अप्पा असंच एक दिस न बोलता उठलं. परत आलंच न्हाईत. तुमी दारातनं भाईर पडला की मी पुन्यांदा ती ल्हान पोर हुते बघा. म्हणून वरडते.”

सोमशेखर तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. तिच्या पदराची धूळ झटकत तो म्हणाला, “आणि तू वरडलीस की मला आमचं घर दिसतंय. माझा बा पिऊन यायचा, आवाज चढायचा, आन् मी गोठ्यात म्हशीमागं लपायचो. आता गोठा न्हाय, म्हणून गुत्त्यात.”

ताई हळुवारपणे म्हणाल्या, “घाबरलेलं वासरू गाईकडं धावतं, तसं घाबरलेलं माणूस आपल्या माणसाकडं. ते सापडलं नाही तर कुणी ओरडतं, कुणी लपतं, कुणी बाटली धरतं. दोघं एकमेकांनाच शोधताय की. गुदमरलं तर बाहेर जा, सोमशेखर. पण ‘येतो’ म्हणा, आणि या.”

तेव्हापासून तो ‘येतो’ म्हणून उठायचा, ओसरीत जरा उभा राहायचा आणि परत यायचा. तिचा आवाज आपोआप खाली येऊ लागला. मध्ये एकदा तो घसरला, पुन्हा प्यायला, ती चिडली, तरी दोघं येत राहिले.

मग बेंदूर आला, बैलांचा सण. बैलांच्या मिरवणुकीत मित्रांनी सोमशेखरला प्यायला चल म्हणून घेरलं. भर दुपारी तो एकटाच ताईंकडे आला.  माझ्यावर मधोमध बसून त्याने फोन लावला.

“लीला, लई ओढ लागलीया. एकट्याला आवरंना. ये की.”

मित्रांनो, या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हाक मारली होती. शिवलीला पिठाच्या हातांनी रिक्षातून धावत आली आणि त्याला चिकटून बसली. त्याने तिचा हात घट्ट धरला. ओढ चढली, शिगेला पोचली आणि हळूहळू ओसरली.  ताईंनी फक्त चहा ठेवला.

“गॅसवर पुरण तसंच राहिलं की,” शिवलीलाला एकदम आठवलं. “करपलं असणार.”

“करपू दे. मी खातो.”

“खावंच लागंल. दुसरं काय केलंया घरात?”

दोघंही खळखळून हसले. एवढी वर्षं मी माणसांचा भार वाहिला, पण जिंकलेल्या माणसांचं वजन त्या दिवशी कळलं. फुलासारखं होतं ते!

बालमित्रांनो, लाकडाला जसं अधूनमधून तेल लागतं, तशी माणसाला माया लागते. आणि ती व्रतासारखी रोज नव्याने धरावी लागते. तुमचं मन कधी घाबरलं, तर लपू नका. आपल्या माणसाला हाक मारा. आणि कुणी तुम्हाला हाक मारली, तर हातचं काम टाकून जा. पुरण काय, पुन्हा शिजतं.