अठ्ठेचाळीस हजार पाचशे

धोंडबाला लकवा झाला त्याला चौदा महिने होत आले होते. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हातही थोडाफार उचलायला लागला, पण पाय काही केल्या ऐकत नव्हता. आठवड्यातून तीनदा त्याला नागपूरला, धंतोलीत, व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. खापरखेड्याहून ऑटो ठरवायचा, ऑटोवाला आणि त्याच्या सोबतीला जो कोणी हाताशी असेल तो, असे दोघं मिळून धोंडबाला बगलेत धरून आत बसवायचे. पॉवर हाऊसमध्ये एकतीस वर्षं ज्या माणसानं कोळशाची क्रेन चालवली, तो त्या वेळी डोळे मिटून घ्यायचा. कॉलनीतल्या कोणाला आपण दिसू नये, म्हणून जणू आपणच कोणाला पाहायचं नाही.

त्याची बायको प्रेमिला हे रोज पाहत होती. ती दवाखान्यात रक्त-लघवी तपासण्याचं काम करायची. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. एका सोमवारी ऑटोवाल्याच्या हातून धोंडबा निसटला आणि त्याचं कपाळ ऑटोच्या दांडीवर आपटलं. रक्त फारसं आलं नाही. पण त्याच संध्याकाळी प्रेमिलानं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पंचावन्नाव्या वर्षी ती क्लच आणि ब्रेक शिकली, दोन महिन्यांत लायसन्स काढलं आणि म्हणाली, "आता गाडी."

गाडी म्हटल्यावर प्रशिकचं नाव निघणारच होतं. प्रशिक म्हणजे देवकीचा मुलगा. देवकी दोन क्वार्टर सोडून राहायची. तिचा नवरा गेला तेव्हा प्रशिक नऊ वर्षांचा होता; तेव्हापासून दोन्ही घरांत येणं-जाणं इतकं की कोणाच्या घरची भाजी कोणाच्या ताटात, हे कोणी विचारत नसे. दहावीला त्याचं गणित प्रेमिलानंच करून घेतलं होतं. आता तो नागपूरला वर्धा रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गाड्या विकायचा. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"मावशी, तुमच्यासाठी तीस हजार कमी करून घेतले," तो कागद पुढं सरकवत म्हणाला. "हा भाव मी दुसऱ्या कोणाले देऊच शकत नाही."

कागदावर खाली मोठ्या अक्षरात आकडा होता, आठ लाख शहात्तर हजार पाचशे. प्रेमिलाला भरून आलं. तिनं तिथंच अकरा हजार भरून बुकिंग केलं, आणि घरी येताना देवकीसाठी संत्र्याची बर्फी घेतली.

पण बाई लॅबमधली. कोणताही रिपोर्ट हातात आला की शेवटचा निकाल वाचून तिचं समाधान होत नसे. ओळ न् ओळ पाहायची सवय. रात्री जेवणं झाल्यावर तिनं तो कागद चष्मा लावून वाचला. गाडीची मूळ किंमत, ती ठीक. पासिंग आणि रोड टॅक्स, तो सरकारचा. विमा, शेहेचाळीस हजार. अॅक्सेसरीज, चोवीस हजार. हँडलिंग, साडेनऊ हजार. सगळ्यात खाली, वजा तीस हजार, आणि त्याखाली शोरूमचा शिक्का आणि मॅनेजरची सही.

"हे हँडलिंग म्हणजे काय जी?" तिनं धोंडबाला विचारलं.

"गाडी हाताळली म्हणून," धोंडबा सावकाश म्हणाला. त्याचे शब्द अजून एकेक करून बाहेर यायचे. "मंग मलेही लावून राहिले असतील... ते ऑटोवाले."

ती हसली नाही. तो विनोद करतोय की काय, हे तिला नीटसं कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं विम्याचं काम करणाऱ्या मधुकररावांना दवाखान्यातूनच फोन लावला. त्यांनी गाडीचं मॉडेल विचारलं, दहा मिनिटांनी उलट फोन केला. "एकतीस हजार, ताई. तोच विमा, तेवढंच कव्हर. शोरूमवाले आपलं कमिशन त्यात टाकून देतात. आणि विमा त्यांच्याकडूनच घ्या, अशी काही सक्ती नसते बरं का. ते हँडलिंगही कुठल्या कायद्यात नाही. नाही म्हणा, निघून जाते."

प्रेमिलानं रिपोर्टच्या कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. विम्यात पंधरा हजार जास्तीचे. अॅक्सेसरीज तिनं मागितल्याच नव्हत्या, ते चोवीस. हँडलिंगचे साडेनऊ. बेरीज आली अठ्ठेचाळीस हजार पाचशे. म्हणजे एका हातानं तीस दिले आणि दुसऱ्या हातानं अठ्ठेचाळीस काढून घेतले. आणि बर्फी वरून.

तिनं प्रशिकला फोन केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "बाबू, ह्या अॅक्सेसरीज अन् विमा, हे घ्याच लागते का गा?"

"हाव मावशी. कंपनीचंच ठरलेलं असते ते. कोणालेच सुटत नाही."

"अन् तुह्यं काही राहते का यात?"

"माह्यं काय राहीन, मावशी? एक रुपया नाही."

तिला विचारल्याशिवाय राहवलं नव्हतं, आणि आता विचारल्याचा पश्चात्ताप झाला. चोवीस हजारांपेक्षा तो एक रुपया तिला जास्त लागला. ज्या पोराला तिनं शेकडेवारी शिकवली, तो तिला शेकडेवारीतच फसवत होता.

शनिवारी ती एकटीच शोरूमला गेली. धोंडबाला शेजारच्या बाईवर सोडून. प्रशिक लगबगीनं पुढं आला, "मावशी, बसा, थंड आणतो," म्हणाला. ती बसली नाही. "मले तुह्या मॅनेजरले भेटायचं आहे."

मॅनेजरची केबिन काचेची होती. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. प्रेमिलानं कागद टेबलावर ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेली. हे कशाचे? हे कोणी मागितलं? हा विमा बाहेर एकतीस हजाराला मिळतो, तो इथं शेहेचाळीसला कसा? मधुकररावांनी मागाहून पाठवलेला एकतीस हजारांचा कागदही तिनं काढला. आवाज चढवला नाही. मॅनेजर मधूनमधून मान हलवत होता. शेवटी त्यानं प्रशिकला आत बोलावलं.

"मॅडमला तू सांगितलं नाहीस, की हे सगळं ऐच्छिक आहे?"

प्रशिक दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकला.

"सांगितलं नाहीस ना?" मॅनेजर प्रेमिलाकडे वळला. "सॉरी मॅडम. हे आमच्या शोरूमचं धोरण नाही. काही मुलं टार्गेटच्या मागे लागून असं करतात. मी सगळं काढून टाकतो. विमा तुम्ही बाहेरून घ्या. तीस हजारांचा डिस्काउंट तसाच राहील. आठ लाख अठ्ठावीस हजार फायनल, त्यात तुमच्या बाहेरच्या विम्याचे एकतीसही धरलेत. फक्त एक छोटी फॉर्मॅलिटी."

त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं आणि एक छापील कागद पुढं ठेवला. प्रेमिलानं वाचला. 'सदर कर्मचाऱ्याने शोरूमच्या नियमांविरुद्ध जाऊन, स्वतःच्या फायद्यासाठी माझी दिशाभूल केली. तरी योग्य ती कार्यवाही करावी.' खाली तिचं नाव, आणि सहीसाठी रेघ.

"हे कायले पाहिजे?"

"किंमत बदलायची तर मला वर कारण द्यावं लागतं, मॅडम. नाहीतर मग आहे तोच भाव राहील. आणि बुकिंग रद्द केलं तर अकरा हजारांचं मी काही सांगू शकत नाही."

प्रेमिलानं प्रशिककडे पाहिलं. तो भिंतीशी उभा होता. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. क्षणभर त्यानं वर पाहिलं.

"करा मावशी सही," तो म्हणाला.

खोटं तर त्यात काही नव्हतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. दिशाभूल त्यानं केलीच होती. फोनवर विचारलं तेव्हाही केली होती. तिला धोंडबाचं कपाळ आठवलं, ऑटोची ती दांडी आठवली. तिनं सही केली. लॅबच्या रजिस्टरवर करते तशीच स्वच्छ सही आली.

आठ दिवसांनी गाडी मिळाली. किल्ली एका नव्याच मुलीनं हातात दिली, फोटो काढला. प्रशिक कुठं दिसला नाही. प्रेमिलानं त्याचं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "ते आता इथं नाहीत, मॅम."

संध्याकाळी देवकी आली. गाडी पाहायला नव्हे. दारातच उभी राहिली.

"पोरगं कामावरून गेलं माह्यं," ती म्हणाली. "तुह्या सहीच्या कागदावर काढलं त्याले. मागच्या महिन्याचा पगारही दिला नाही. दुसऱ्या शोरूमात गेला, तर थे म्हणे, तुमच्यावर तक्रार आहे."

"देवकी, आत तर ये."

"काहून येऊ? मले एक सांग. थो भावाचा कागद काय प्रशिकनं बनवला होता? मॅनेजर रोज सकाळी उभं करून सांगे, विमा अन् अॅक्सेसरीजशिवाय गाडी गेली तर तुमचा इन्सेंटिव्ह कापीन. दोन महिने कापला होता त्याचा. नागपूरच्या खोलीच्या भाड्यासाठी मी माह्या डब्यातले पैसे दिले त्याले. तुले नाही सांगतलं, लाज वाटत होती."

"त्यानं मले सांगायचं होतं, देवकी. मी त्याले फोनवर विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

"हाव. थे चुकलंच त्याचं." देवकीचा आवाज बसला. "पण तू घरी येऊन त्याच्या कानाखाली देती, तर मी काही म्हटलं असतं का वं? लहानपणी दिली नाही का तू? सही कायले केली?"

ती गेली. आतून धोंडबानं सगळं ऐकलं होतं. तो डावा हात पलंगाच्या पट्टीवर आपटत राहिला, खूप वेळ.

सोमवारी धोंडबाला धंतोलीत सोडून प्रेमिला शोरूमला गेली. तक्रार मागं घ्यायची आहे, म्हणाली. मॅनेजर तितक्याच गोडीनं बोलला. "मॅडम, तुमचीच सही आहे. फाईल वर गेली. आणि तुम्हाला भाव मिळाला ना?"

"भाव मिळाला. म्हणूनच आली." ती खुर्ची ओढून बसली आणि पर्समधून कोरा कागद काढला. त्याच्यासमोरच लिहिलं. जो कोटेशनचा कागद तिला दिला होता त्यावर शोरूमचा शिक्का आणि मॅनेजरची सही होती, ते लिहिलं. तक्रारीचा मजकूर तिनं लिहिला नव्हता, मॅनेजरनं लिहून दिला होता, आणि त्यावर सही केली तरच भाव कमी होईल असं सांगितलं होतं, तेही लिहिलं. प्रशिकनं माहिती लपवली, हे तिनं खोडलं नाही. मग एक प्रत शोरूमच्या मालकाच्या ऑफिसात दिली, पोच घेतली, आणि दुसरी गाडी बनवणाऱ्या कंपनीला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली.

कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं, तुमच्या पत्राची नोंद घेतली आहे म्हणून. मॅनेजर तिथंच राहिला. पण तीन आठवड्यांनी प्रशिकला अडकलेला पगार मिळाला आणि नोकरी सोडल्याचं साधं पत्र मिळालं, ज्यात तक्रारीचा उल्लेख नव्हता. त्या पत्रावर त्याला सावनेरला एका दुचाकीच्या दुकानात काम लागलं. पगार निम्म्याच्या जरा वर. हे प्रेमिलाला देवकीकडून नाही, मधुकररावांकडून कळलं.

एका शुक्रवारी सकाळी तिनं सावनेरच्या रस्त्यावर त्याला पाहिलं. तो बसची वाट पाहत उभा होता. तिनं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. तो जवळ आला, खिडकीवर हात ठेवला. गाडीच्या आत पाहिलं, विकणाऱ्याच्या सवयीनं.

"सीट कव्हर नाही घेतले अजून?"

"नाही." मग तिला राहवलं नाही. "बाबू, तू मले खोटं काहून बोलला गा? मी सरळ विचारलं होतं तुले."

"दोन वर्षांत थो कागद मी दीडशे-दोनशे लोकायले दिला असन, मावशी. कोणीच नाही विचारलं. सगळे खालचा आकडा पाहत अन् खूश होऊन जात. तुम्ही विचारलं, तं मले उत्तरच माहीत नव्हतं. जे रोज बोलतो तेच निघालं तोंडातून. लाज वाटली नंतर. लय वाटली."

"मंग 'करा सही' काहून म्हणाला?"

"करायचीच होती ना तुमाले." तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "पण तुम्ही माह्याकडं पाह्यलं ना तेव्हा, मले वाटलं तुम्ही नाही करणार."

मागून बस आली. त्यानं खिडकीवरचा हात काढला, "काकाले जयभीम सांगा," म्हणाला आणि पळत जाऊन बस पकडली.

प्रेमिला बराच वेळ तशीच बसून होती. मागच्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला. अकराला धोंडबाला धंतोलीत पोचवायचं होतं. तो घरी, काठी धरून दारातल्या खुर्चीत तयार होऊन बसला असेल. आता कोणाला बोलवावं लागत नव्हतं. ती दार उघडायची, तो डाव्या हातानं वरचं हँडल धरायचा आणि स्वतः आत यायचा, वेळ लागला तरी. तिनं गाडी चालू केली. पहिल्यांदा क्लच चुकला आणि गाडी बंद पडली. मग पुन्हा चालू केली.