वाफेचा डबा आणि राजेश्वरीचं नाक

मी वाफेचा डबा बोलतोय. हसू नका. खोक्यावर माझं चांगलं लांबलचक इंग्रजी नाव छापलं होतं, पण कोल्हारच्या या घरात पाऊल टाकलं आणि मी डबाच झालो. निळं प्लास्टिकचं अंग, पोटात पेलाभर पाणी, वर रुंद तोंड, मागं वायर. बटण दाबलं की दोन मिनिटांत मी फुसफुसायला लागतो.

मला पुंजारामनं आणलं, कोरोनाच्या दिवसांत. तेव्हा आमच्या जातीला काय मान होता म्हणून सांगू! घरोघरी सकाळ-संध्याकाळ वाफ. कुणी पाण्यात ओवा टाकी, कुणी निलगिरीचं तेल. पुंजारामच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, एकदा बोटभर बामच कालवला आणि घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. साथ सरली आणि मी पिंपामागच्या फळीवर जाऊन पडलो. तिथं चार वर्षं एका पालीशी तेवढी ओळख राहिली.

सत्यशीलाबाईंना आत्याबाई म्हणणारी त्यांची सून, पुंजारामची बायको, म्हणजे राजेश्वरी. ही सगळी हकिगत तिच्या नाकाची.

राजेश्वरी गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. फॅट मोजायला तिथं मशीन आहे, पण दूध घ्यायचं की परत पाठवायचं हे आधी नाक ठरवतं. किटलीचं झाकण उघडायचं, वाकायचं, एक श्वास घ्यायचा आणि मान हलवायची. आंबूस, करपट, धुरकट, सगळं तिला एका श्वासात कळतं. एक नासकी किटली मोठ्या टाकीत गेली तर अख्ख्या गावाचं दूध वाया जातं. म्हणून केंद्रावर तिला ‘नाकवाली’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, तिला ते आवडतं.

मला या नाकांचं भारी कुतूहल. देवानं म्हणा, कारखान्यानं म्हणा, मला नुसतं तोंड दिलं. माणसं माझ्यावर वाकली की मी खालून बघत बसतो. एवढ्याशा दोन भोकांतून यांना भाजी करपलेली कळते, शेजारचा पाहुणा कळतो, पाऊस कळतो. वास म्हणजे नेमकं असतं तरी काय? कुणी सांगत नाही.

यंदाच्या थंडीत राजेश्वरीला सर्दी झाली आणि मी फळीवरून खाली आलो. तिसऱ्या दिवशी गाल जड, कपाळ जड, शेंबूड पिवळा. आत्याबाई खूश. त्यांनी जाहीर करून टाकलं की सर्दी पिकली. आंबा पिकला की गळतो, तशी ही आता दोन दिवसांत गळून जाईल. आमच्याकडं हे सगळेच म्हणतात, त्यामुळं मलाही पटलं. मेडिकलवाल्याकडून नाक मोकळं करायचे थेंब आले, ते ती आठवडाभर टाकत राहिली. पुंजारामच्या दाढदुखीतल्या दोन गोळ्या उरल्या होत्या, त्याही पोटात गेल्या.

सहाव्या दिवशी तिला खरंच हलकं वाटलं. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली. आठव्या दिवशी ताप भरला. वाकलं की गालात कळ, वरच्या दाढाही ठणकायला लागल्या. आत्याबाईंचं म्हणणं तेच, पिकली हाय, जरा दम धर.

एक सांगू? टॉवेलच्या आत माणूस खरं बोलतो. तोंडावर वाफ, डोळे मिटलेले, समोर कुणी नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी केंद्रावरून आली ती थेट माझ्यावर वाकली आणि रडायलाच लागली.

“मला वासच येत न्हाई,” ती मला सांगत होती. “आठ दिस झालं, मी नुसतीच वाकती अन् मान हलवती. आज सहादेवबाबांची किटली नासकी हुती. मी घेतली. टाकीत वतणार तेवढ्यात बिभीषणभाऊंनी धरली म्हणून वाचलं.”

बिभीषणभाऊ म्हणजे केंद्राचे प्रमुख. तिनं त्यांना, लक्ष नव्हतं, असं सांगून वेळ मारून नेली होती. खरं सांगितलं तर नाकवालीची जागा दुसऱ्या कुणाला देतील, या धास्तीनं तिचा जीव अर्धा झाला होता. मी काय करणार, फुसफुसत राहिलो.

पण आत्याबाई चुलीपाशीच होत्या. त्यांनी टॉवेल ओढला, सुनेकडं बघितलं, आणि माझी वायर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात. मी पिशवीत. डॉक्टरांनी विचारलंच तर दाखवायला हवा, म्हणून मला सोबत घेतलं होतं.

अपूर्वा डॉक्टरांनी गाल दाबून पाहिला, डोळ्यांभोवती पाहिलं आणि दिवस मोजायला लावले. पिवळ्या रंगावरून काहीच ठरत नाही, त्या म्हणाल्या. बहुतेक सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप जाते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. पण बरं वाटून पुन्हा ताप आणि दुखणं उलटलं, म्हणजे सायनसमध्ये जंतूंनी घर केल्याची शंका घ्यायची. आता गोळ्या देते, त्या नेमून दिल्या तेवढ्या पुऱ्या करायच्या; दुसऱ्याच्या उरलेल्या पुन्हा घ्यायच्या नाहीत. थेंब आजपासून बंद, ते तीन-चार दिवसांच्या वर टाकले तर नाक आणखीच चोंदतं. उकळून गार केलेल्या पाण्यात त्यांनी दिलेली मिठाची पुडी घालून नाक धुवायचं, आणि एक फवारा. डोळा सुजला, एकाचे दोन दिसले किंवा मान आखडली, तर घरी थांबायचं नाही.

मग आत्याबाईंनी मला टेबलावर ठेवलं.

“वाफ घ्या ना,” डॉक्टर हसल्या. “वाफेनं बरं वाटतं. बरं होत नाही.”

झालं! शेवटच्या तीन शब्दांत माझी सगळी ऐट उतरली. मला वाटत होतं, गावाची नाकं मीच उघडतो.

आत्याबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. “म्हंजी सर्दी पिकली नव्हती, डॉक्टरीनबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “नासली हुती. अन् मी तिला थांब म्हनत बसले.”

घरी येताना त्या वाटेत केंद्रावर उतरल्या आणि बिभीषणभाऊंना स्वतःच सगळं सांगितलं. भाऊ चिडले. तिचं नाक ठिकाणावर येईपर्यंत झाकणं उघडायला मी उभी राहते, आत्याबाई म्हणाल्या; चाळीस वर्षं दूधच तापवलंय. आणि उभ्या राहिल्या, रोज, गुडघे दुखत असताना.

ताप तीन दिवसांत गेला. गाल हलका झाला. गोळ्या संपल्या. पण वास येईना. राजेश्वरी सकाळी ओव्याची बरणी उघडायची, मग कॉफीची, मग हिंगाची डबी थेट नाकाशी धरायची, आणि पुन्हा झाकण लावायची. वास परतायला कधी कधी वेळ लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती रोज बारीक होत चालली. दूध केंद्रावर आत्याबाईंची आता तारीफ व्हायला लागली होती, तेही तिला ऐकवत नव्हतं.

काल सकाळी तिनं मला फळीवर ठेवायला उचललं. माझ्या पोटात आठवडाभराचं पाणी तसंच होतं. झाकण काढलं आणि तिनं तोंड बाजूला फिरवलं. मग पुन्हा वाकली. हळू श्वास घेतला.

“आत्याबाई,” तिनं हाक मारली, “ह्या डब्याला लई घाण वास येतोय.”

आत्याबाई धावत आल्या, त्यांनीही नाक खुपसलं. दोघी माझ्या तोंडावर वाकल्या होत्या, नाकं मुरडत होत्या आणि रडत होत्या. इतकी बेइज्जती माझी आजवर कुणी केली नव्हती, आणि इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

आज सकाळी राजेश्वरी केंद्रावर गेलीय आणि मी घासूनपुसून उन्हात पालथा पडलोय. नाक चोंदलं तर मला खुशाल बोलवा, मी येईन, तुम्हाला बरं वाटेल. पण दुखणं उलटलं तर माझ्यावर वाकून बसू नका, उठा आणि डॉक्टर गाठा. आणि वास येत नसेल, तर ते टॉवेलाबाहेर सांगा.