सेनोनची सही

मास्तर आतोंगनी शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी सरकवली, कागद उजेडात धरला आणि खिशातून भिंग काढलं. समोर खुर्चीच्या अगदी कडेला फादर दांते बसले होते. आतल्या खोलीच्या दाराशी सेंदा उभी होती. आत तिचा नवरा सेनोन शेवटच्या घटका मोजत होता.

कागदावर टाईप केलेल्या चारच ओळी. मी फ्रीमेसनांच्या गुप्त मंडळाची संगत सोडतो, चर्चविरुद्ध जे बोललो ते मागे घेतो, ज्या धर्मात जन्मलो त्याच धर्मात मरू इच्छितो. खाली सही: सेनोन आल्कासिद.

"मी सकाळी कागद ठेवून गेलो होतो," फादर म्हणाले. वयानं ते मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांएवढेच होते. "दुपारी आलो तर सही झालेली. खोलीत सेंदाबाईंशिवाय कुणी नव्हतं. मास्तर, रिझालच्या सहीवरून लोक बासष्ट वर्षं आम्हाला खोटारडे म्हणताहेत. या गावात ते प्रकरण पुन्हा नकोय मला. ही सही त्यांचीच, एवढं तुम्ही म्हणा. मी शेवटच्या संस्काराचं तेल घेऊन लगेच आत जातो."

"मी म्हणू?"

"तुम्ही म्हटल्यावर कोण शंका घेणार?"

फादर तरुण होते, पण दुधखुळे नव्हते. देशाच्या लाडक्या नेत्याला, मेसन असलेल्या रिझालला, स्पॅनिश सरकारनं गोळ्या घातल्या. त्याच्या आदल्या रात्री कोठडीत त्यानं अशाच एका कागदावर सही केली, असं चर्च म्हणे. बनाव आहे सगळा, असं मेसन म्हणत. ताआल गावात या विषयावर मास्तरांपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. दर तीस डिसेंबरला, हुतात्म्याच्या दिवशी, ते चौकात उभे राहून ठणकावून सांगत: मरणाच्या दारातल्या माणसाचा हात असा घोटीव चालत नाही! आणि त्या कोठडीत त्याच्याजवळ होतं कोण? ज्यांना सही हवी होती ते पाद्रीच!

शिवाय सेनोनची सही त्यांच्याइतकी कुणी पाहिली नव्हती. मेसन मंडळाचे ते बावीस वर्षं चिटणीस. दर बैठकीला सेनोन त्यांच्या नाकासमोर वहीत सही ठोकायचा, आणि ती दिसायची कोंबडीनं माती उकरल्यासारखी. ही सही मात्र गोल, सरळ, ओळीत बसलेली. भिंगाची गरजच नव्हती.

सेंदा खाली मान घालून उभी होती. चाळीस वर्षं चर्चमध्ये एकटीच मिसेला जाणारी ही बाई. नवऱ्याच्या नावानं तिनंच पेन चालवलं असेल तर तिला काय बोलायचं?

"मी एकदा त्याच्याशी बोलतो," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

सेनोन तीन उशांना टेकून बसल्यासारखा पडला होता. दर श्वासाला छाती खरखरत होती.

"काय म्हणतंय तुझं भिंग?"

"सही तुझी नाही म्हणतंय."

सेनोनला हसू आलं, त्याचा खोकला झाला. "गाढव आहेस. माझीच आहे. तीन कोऱ्या कागदांवर सराव केला आधी. हात थरथरला असता तर लोक म्हणाले असते, म्हातारा मरणाला भ्याला. म्हणून शाळेतल्या पोरासारखं सावकाश गिरवलं."

मास्तर स्टुलावर बसले. "कुठायत ते कागद?"

"सेंदानं चुलीत घातले."

"तिनं गळ घातली का तुला?"

"चाळीस वर्षांत कधी नाही. म्हणून तर." त्यानं दाराकडे बोट केलं. "आमची दोन्ही पोरं चर्चच्या कब्रस्तानात आत आहेत. तीही तिथेच जाणार. मी मेसन, मला पुरतील कुंपणाबाहेर. मृतांच्या दिवशी तिनं मेणबत्त्या घेऊन आधी आत जायचं, मग वळसा घालून बाहेर यायचं, त्या गुडघ्यांनी? मला नाही बघवत."

"आणि श्रद्धा?"

"ते मी वर गेल्यावर निस्तरेन. तू खालचं बघ. अंगणात आपल्या मंडळाचा रुपेर्तो आलाय ना?"

"आलाय. बाकीचेही आहेत."

"सही खरी म्हटलीस तर तो वहीतून माझं नाव खोडेल. बावीस वर्षं आहे ते तिथे." त्यानं मास्तरांचं मनगट धरलं. "फादरला सांग, खरी. रुपेर्तोला सांग, खोटी. तुझं ऐकतात सगळे."

"मी असं दोन तोंडांनी नाही बोलणार, सेनोन."

"मग मेलो मी," सेनोन म्हणाला, आणि या वेळी त्याला हसू आलं नाही.

मास्तर बाहेर आले. फादरना म्हणाले, "त्याचीच आहे." सेंदानं झटकन वर पाहिलं आणि खांद्यावरच्या मोठ्या रुमालात तोंड लपवलं. फादर तेलाची कुपी घेऊन आत गेले.

अंगणात आंब्याखाली मंडळाची चार माणसं कॉफी पीत बसली होती. औषधांच्या दुकानाचा मालक रुपेर्तो हा मंडळाचा प्रमुख. तो खुर्चीतूनच ओरडला, "काय मास्तर? बनावटच ना?"

मास्तरांना जिना उतरताना प्रत्येक पायरी जड गेली. मित्राचं नाव आता आपल्याच तोंडानं पुसलं जाणार.

"नाही. सही सेनोनची आहे."

रुपेर्तोनं कप खाली ठेवला. "फादरनी मलाही दाखवली ती. कित्ता गिरवल्यासारखी. मरणाऱ्याचा हात असा चालतो का? तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

"त्यानं आधी सराव केला होता. तीन कागदांवर."

"बघू ते कागद."

"जाळले."

एकजण फिसकन हसला.

"त्यानं स्वतः मला सांगितलं!" मास्तरांचा आवाज चढला.

"तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

हाच प्रश्न मास्तर दर वर्षी चौकात एका कधीच्या मेलेल्या पाद्र्याला विचारत आणि टाळ्या घेत.

"कुणी नव्हतं," ते म्हणाले.

रुपेर्तो उठला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, मास्तर. सेंदाच्या समाधानासाठी बोललात, कळतं आम्हाला. तिला हवं तिथे पुरू दे. सेनोनचं नाव वहीतून हलणार नाही. आपल्यातला माणूस असा वाकणारा नव्हे."

सेनोनला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तेही खरं बोलून. मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज, कानशिलं तापवणारी. वरच्या खिडकीतून फादरची प्रार्थना आणि मागोमाग सेंदाचा बारीक आवाज ऐकू येत होता.

"आणि परवा तीस तारखेला चौकात हेही सांगा," रुपेर्तो म्हणाला. "ताजा दाखला आहे. कसे कागद बनवतात ते."

"परवा दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येतीला काय धाड भरलीय," मास्तर म्हणाले. "पण मी त्या कोठडीत नव्हतो, रुपेर्तो."